रघूनानांचा विमानाशी सौदा

शहापूरजवळच्या शेणवे गावातल्या रघूनानांना महत्त्वाचे काही बोलायचे असेल, तर ते आधी मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवतात. डबा पत्र्याचा आहे. झाकण दाबून बसवायचे, वर वरवंटा ठेवायचा, मग पाहुण्याला अंगणात न्यायचे आणि तिथेही आवाज चढू द्यायचा नाही, अशी पद्धत. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटले, जमिनीचे काही प्रकरण असावे. नाना माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मला टोकावड्याला जायचंय."

टोकावडे मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला. शेणव्याहून सकाळी निघालेला माणूस एसटी बदलत जेवणाच्या वेळेला तिथे पोहोचतो. यात लपवण्यासारखे काय आहे, असे मी विचारले.

नानांनी घराच्या दाराकडे पाहून घेतले. "ते टोकावडं नाय. विमानानं जायचं टोकावडं."

विमानाने जायचे टोकावडे म्हणजे गुवाहाटी. नानांची एकुलती मुलगी दिपाली लग्नानंतर तिथे राहते. तिचा नवरा तेलाची पाइपलाइन सांभाळणाऱ्या एका कंपनीत तंत्रज्ञ आहे. गुवाहाटी हे नाव मोबाइलसमोर काढायचे नाही, असा त्या घरात त्या वर्षी नियम झाला होता. नानांचे म्हणणे असे की, मोबाइलने ऐकले की विमानवाल्याला कळते, आणि आपल्याला जायचेच आहे हे विमानवाल्याला कळले की तिकीट चढते.

हे म्हणणे नानांना कोणी सांगितले नव्हते. ते त्यांच्या धंद्यातून आले होते.

नानांची थोडी भातशेती आहे, पण त्यांची उमेदीची वर्षे बैलबाजारात गेली. ते दलाल होते. म्हसा गावच्या जत्रेत, मुरबाडच्या बाजूच्या लहानमोठ्या बाजारांत, विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये ते उभे राहत. बैलाच्या सौद्यात भाव तोंडाने सांगत नाहीत. दलाल उपरण्याखाली हात घालतो आणि समोरच्याची बोटे दाबून आकडा कळवतो. भोवती गर्दी असते. गर्दीला दिसतात ते दोन गंभीर चेहरे आणि मध्ये हलणारे एक उपरणे. पॉवर टिलर आले, बैल कमी झाले आणि नानांचे काम संपले. मी त्या बाजारावर बातमी करायला गेलो होतो, तेव्हा आमची ओळख झाली.

नानांचा स्वतःचा नियम उपरण्याच्याही पुढचा होता. जो बैल घ्यायचा आहे, त्याच्याकडे बघायचे नाही. शेजारच्या बैलाचे दात बघायचे, त्याच्या पुढच्याचे खूर उचलायचे, तिसऱ्याच्या वशिंडावर हात फिरवायचा, आणि अगदी निघताना, चप्पल घालता घालता, हव्या असलेल्या बैलाकडे मान करून म्हणायचे, "ह्याला पण विकता का?" विकणारा नरम येतो. नाही आला तर उठून चालू लागायचे. मागून हाक येतेच. "गरज झाका," नाना सांगतात. "उघडी पडली की दुसरा तिच्यावर बसतो."

बाजार सुटला तरी नियम सुटला नाही. शहापूरच्या बाजारात नाना कांदे घ्यायला जातात आणि सुरुवात भोपळ्यापासून करतात. भोपळेवाल्या बाईने एकदा वैतागून भोपळा त्यांच्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "रोज चौकशी करता, आज न्याच. पैसं नको." नाना तो भोपळा घेऊन आले. घरात भोपळा कोणी खात नव्हते.

एकदा त्यांना थंडी वाजून ताप भरला. ते दवाखान्यात गेले खरे, पण डॉक्टरांसमोर बसून म्हणाले, "इकडनं चाललो होतो, म्हटलं तुमचं कसं चाललंय बघू." डॉक्टर नवीन होते. त्यांना बरे वाटले. त्यांनी चहा मागवला, गावाकडच्या पावसापाण्याची चौकशी केली आणि नानांना दारापर्यंत पोहोचवले. नाना औषधाशिवाय घरी आले आणि आठवडाभर पडून राहिले. "फी वाचली," असे ते आजही सांगतात.

दिपालीला घेऊन स्थळ पाहायला आसनगावला गेले, तेव्हा त्यांनी मुलाकडे ढुंकून पाहिले नाही. सगळी चौकशी मुलाच्या चुलतभावाची केली. त्याचे शिक्षण किती, पगार वेळेवर होतो का, दात स्वतःचे आहेत का. मुलाकडच्या मंडळींनी आत जाऊन विचार केला आणि चुलतभावाची पत्रिका बाहेर आणली. गोष्ट तिथेच बिघडायची, पण दिपाली चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "बाबा, हा नाय, तो." लग्न ठरले. नाना मात्र परतीच्या वाटेवर सारखे एकच म्हणत होते, "भरल्या घरात सांगून टाकलं पोरीनं. आता हुंडा मागितला असता तर काय केलं असतं?" हुंडा कोणी मागितला नाही.

लग्नानंतर ती गुवाहाटीला निघाली, तेव्हा नाना तिला आसनगाव स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडी हलायच्या आधीच ते म्हणाले, "जा आता, मला बाजारात काम हाय," आणि पाठ फिरवून जिना चढू लागले. त्या दिवशी बाजार नव्हता. नानांची बायको त्याआधीच वारली होती. घरी कोणी वाट पाहणारे नव्हते.

पुढच्या वर्षी दिपालीला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. सातव्या महिन्यात ती येणार, म्हणून नानांनी आतली खोली सारवून घेतली, भिंतींना चुना दिला, आढ्याला झोळीसाठी कडी ठोकली. शेजारच्या बायकांना डिंक आणि अळीव आणून दिले आणि वर सांगितले, "असंच आणलं. स्वस्त मिळालं." मग गुवाहाटीहून निरोप आला. दिपालीचा रक्तदाब वाढला होता आणि डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली होती. जावयाची आई हयात नव्हती. तिकडे त्या दोघांखेरीज कोणी नव्हते.

नानांनी ठरवले की आपणच जायचे, बाळ जन्माला यायच्या आत. पुरुष माणूस बाळंतपणाला जाऊन काय करणार, असे गावात विचारले गेले. "बाहेर बसेन," नाना म्हणाले. "बाहेर बसायला पन कोन तरी लागतं."

रेल्वेने जायचे तर दोन दिवसांवर प्रवास, आणि नानांचा गुडघा एसटीतही दुमडत नाही. म्हणून विमान. जावयाला सांगितले असते तर त्याने घरबसल्या तिकीट काढून पाठवले असते. पण जावयाला कळले की दिपालीला कळणार, आणि तिला कळले की ती नको म्हणणार. नानांच्या हिशेबात हा सौदा गुपचूप करून एकदम दारात उभे राहण्यातच शहाणपण होते.

शहापूरला एसटी स्टँडजवळ सुनीता नावाच्या बाईंचे ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, वीजबिल, तिकिटे, सगळे तिथे होते. नाना तिथे गेले आणि सवयीप्रमाणे आधी सातबाऱ्याची चौकशी केली, मग आधारची, मग चप्पल घालता घालता गुवाहाटीच्या विमानाची. सुनीताने भाव सांगितला. नाना म्हणाले, "बघू, घाई काय नाय." दोन दिवसांनी ते परत गेले, तर भाव चढलेला.

"त्याला कसं कळलं?" नानांनी विचारले.

"कोनाला, नाना?"

"विमानवाल्याला. मी परत आलो ते."

सुनीता कामात होती. तिने यूट्यूबवर कधी तरी ऐकलेले सांगून टाकले. "अहो, आपन काय बघितलं ते लक्षात ठेवतात. मशीनवर खूण करून ठेवतात. परत गेलं की वळखतात, आन् भाव वाढवतात म्हनं."

दुसऱ्या कोणाला हे समजावून घ्यायला वेळ लागला असता. नानांना एका क्षणात पटले. बाजारात व्यापारी असेच करत. घुटमळणाऱ्या गिऱ्हाइकामागे एक माणूस सोडायचा, तो कोणत्या दावणीपाशी परत परत येतो ते बघून यायचे. म्हणजे तो माणूस आता नानांच्याच खिशात राहत होता. त्या दिवसापासून मोबाइल तांदळात गेला.

इथे वस्तुस्थिती नोंदवायला हवी. संकेतस्थळे आपल्या यंत्रावर खुणेची एक छोटी फाइल ठेवतात. तिला कुकी म्हणतात. तिच्यावरून कोण परत आला आणि त्याने आधी काय पाहिले ते कळते, आणि त्यावरून जाहिराती दाखवल्या जातात. एवढ्यावर वाद नाही. पण तेच तिकीट दुसऱ्यांदा पाहिले म्हणून त्याच माणसाला ते महाग दाखवतात का, यावर वाद आहे. विमान कंपन्या नाही म्हणतात. उरलेल्या जागा आणि उरलेले दिवस पाहून भाव बदलतो, असे त्यांचे सांगणे. ग्राहकांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, आत काय चालते ते बाहेरून दिसत नाही, तेव्हा शंका राहणारच. मी हे दोन्ही बाजूंनी नीट नानांना सांगितले.

"म्हंजे व्यापारी बोलला, मी लबाडी करत नाय," नाना म्हणाले, "आन् ते तुमी लिहून घेतलं."

यानंतर नानांनी विमान कंपनीशी रीतसर सौदा सुरू केला.

पहिला डाव शेजारच्या बैलाचा. नाना मोबाइलवर रोज जयपूरची तिकिटे पाहू लागले. जयपूरला त्यांना जायचे नव्हते. ते कुठल्या दिशेला आहे, हेही त्यांनी मला नंतर विचारले. जयपूर पाहून झाले की गोवा, मग कोचीन, आणि मोबाइल ठेवता ठेवता गुवाहाटी. ते करताना ते जांभई देत. "तोंड दिसतं त्याला," ते म्हणाले. पुढच्या कॅमेऱ्यावर त्यांनी चिकटपट्टी लावली होती, तरी जांभई देत होते. मी विसंगती दाखवली. "दोन कुलपं लावली म्हनून काय झालं?" असे उत्तर मिळाले.

दुसरा डाव गरिबीचा. भारी मोबाइलवाल्याला भाव जास्त दाखवतात, असे त्यांनी कुठेसे ऐकले. म्हणून त्यांनी लहानूचा मोबाइल मागितला. लहानू शेळ्या राखतो. त्याच्या मोबाइलची काच तडकलेली आहे आणि मागचे झाकण रबराने बांधलेले आहे. "ह्याच्याकडं बघून तर दया येईल," नाना म्हणाले. दया आली नाही. लहानूच्या मोबाइलवर मात्र त्या दिवसापासून समुद्रकाठच्या हॉटेलांची चित्रे येऊ लागली. एका चित्रात पोहायचा तलाव होता. लहानूने ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "नाना, पाणी निळं हाय. शेळ्या पितील का?"

तिसऱ्या डावात गाव आले. एकच गिऱ्हाईक परत परत दिसू नये, म्हणून नाना दर वेळी वेगळ्या घरी जाऊन मोबाइल मागत. जयपूर, गोवा, कोचीन आणि गुवाहाटी पाहून ते परत करत. शेणव्यात त्या महिन्यात विमानाच्या आणि हॉटेलांच्या जाहिरातींनी धुमाकूळ घातला. शाळेच्या गुरुजींच्या मोबाइलवर जयपूरच्या महालातल्या मुक्कामाची जाहिरात आली, खास दोघांसाठी. ती आधी गुरुजींच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, पाहिली. बाईंना त्याबद्दल काही माहीत नव्हते. गुरुजींनी देवाची शपथ घेतली. ती पुरली नाही, म्हणून दोघे नानांच्या अंगणात आले.

"नाना, ह्यांना जयपूरला कोन नेतंय ते सांगा," बाई म्हणाल्या.

"कोन नाय नेत. मी बघितलं ह्यांच्या मोबाइलवर."

"तुमी जयपूरला चाललाय?"

"नाय."

"मग बघितलं कशाला?"

नानांनी इकडेतिकडे पाहिले. गुरुजींचा मोबाइल त्यांच्या हातातच होता. "टोकावड्याला जायचंय म्हनून," नाना म्हणाले.

बाई गुरुजींना म्हणाल्या, "चला घरी." वाटेत त्या काय बोलल्या ते कळले नाही. पण पुढे गुरुजींनी नानांना मोबाइल दिला नाही.

मग नाना खरोखरच टोकावड्याला गेले. शहापूरचा भाव आणि तिकडचा भाव वेगळा असू शकतो, असा त्यांचा तर्क होता, आणि बाजाराच्या हिशेबाने तो चुकीचा नव्हता. तिथे रस्त्यावर त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचा ढाबा आहे. तो पूर्वी बैल विकायचा आणि नानांनी त्याला अनेकदा चप्पल घालून दाखवली होती. त्याने मोबाइल दिला, पण समोर खुर्ची ओढून बसला.

"कुठं चाललास रे रघू?"

"कुठं नाय. असंच."

"असंच मानूस विमान बघतो?"

"बघायला काय जातं?"

"माझा नेट जातो," ढाबेवाला म्हणाला. भाव शहापूरचाच निघाला. नाना मिसळ खाऊन परत आले आणि मला म्हणाले, "एकमेकांना मिळालेले हायेत सगळे."

शेवटचा डाव उठून जायचा. सुनीताच्या केंद्रात त्यांनी तिकीट पार पैसे भरायच्या पानापर्यंत आणवले, त्यावर स्वतःचा मोबाइल नंबरही घालायला लावला, आणि मग यंत्राकडे पाहून मोठ्याने म्हणाले, "नको. परवडत नाय. राहू दे." ते समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन केंद्राकडे पाठ करून बसले. सुनीताने पान तसेच ठेवले. तिला वाटले, नाना सुट्टे पैसे आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी नानांच्या मोबाइलवर संदेश आला. तुमचा प्रवास अजून तुमची वाट पाहत आहे, अशा अर्थाचा. अशा संदेशांची व्यवस्था आपोआप चालते. अर्ध्यात सोडून गेलेल्या प्रत्येकाला ते जातात. नाना तो मोबाइल उंच धरून सुनीताच्या केंद्रात शिरले. मी तिथे कागद छापून घ्यायला आलो होतो. "आला!" ते म्हणाले. "आला की नाय मागनं? मारली की नाय हाक?" इतक्या वर्षांत मी त्यांना इतके खूश पाहिले नव्हते. रांगेतल्या माणसांना त्यांनी संदेश वाचून दाखवला. ही कला आता कोणाला येत नाही, असेही सांगितले.

सुनीताने पान उघडले. भाव आणखी चढला होता.

नाना बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिले. मागून हाक मारणारा व्यापारी भाव उतरवतो. हाक मारून भाव चढवणारा व्यापारी त्यांनी पाहिला नव्हता. "म्हशाच्या जत्रेत असं कोनी केलं असतं, तर लोकांनी उभा राहू दिला नसता त्याला," ते म्हणाले.

"नाना, ते मानूस नाय," सुनीता म्हणाली. "त्याला लाज कुठून असनार? दिवाळी तोंडावर आली, जागा भरत चालल्यात. काढून टाकू का?"

"थांब जरा," नाना म्हणाले.

या सगळ्या दिवसांत दिपालीचा फोन रोज येत होता. नानांना कमी ऐकू येते, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि संभाषण ओटीवर बसलेल्या सर्वांना कळते. ते संभाषण मी अनेकदा ऐकले. त्यात फरक पडत नसे. "जेवलीस?" "जेवले. तुमी?" "जेवलो." "इकडं बरं हाय." "हिकडं पन बरं हाय." मग दिपाली म्हणे, "तुमी नका हां यायचं डोक्यात घेऊ. गुडघा दुखतो तुमचा. आमी करू दोघं." नाना म्हणत, "मी कशाला येतोय? ठेवतो." आणि ठेवत. मुद्दाम तुटक बोलतो, असे त्यांनी मला सांगितले होते. मोबाइल ऐकतो ना. पोरीशी गोड बोलताना त्याने ऐकले, तर ह्या म्हाताऱ्याला किती घाई आहे ते त्याला कळेल आणि तिकीट हाताबाहेर जाईल.

मी त्यांना विचारले होते, दिपालीला काय वाटत असेल?  अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या नाना हाताने पसरत राहिले.

संदेशाच्या गोष्टीनंतर काही दिवसांनी सकाळीच मी पुन्हा सुनीताच्या केंद्रात होतो. तिने नुकतेच कुलूप काढले होते. नाना पहिल्या एसटीने आले. सदऱ्याचे बटण चुकीच्या काजात होते. ते सातबाऱ्याबद्दल बोलले नाहीत, आधारबद्दल बोलले नाहीत. बाकावर बसले आणि म्हणाले, "जावयाचा फोन आला होता. दिपीचं प्रेशर परत चढलंय. आज दवाखान्यात ठेवनार. उद्या नाय तर परवा पोट फाडून पोर काढायचं म्हनतात."

सुनीताने यंत्र चालू केले. 

"उद्या सकाळचं हाय," ती म्हणाली. "थोड्याच जागा दिसतात. काढू?"

"जयपूरचं बघ आधी," नाना म्हणाले.

"नाना," सुनीता म्हणाली. एवढेच.

नानांनी मान खाली घातली. त्याच वेळी त्यांच्या खिशातला फोन वाजला. दिपालीचा आवाज केंद्रभर झाला.

"बाबा, ह्यांनी फोन केला ना तुमाला? उगाच केला. काय झालेलं नाय. डॉक्टर असंच ठेवून घेतात. तुमी काळजी करू नका."

"नाय करत," नाना म्हणाले.

"कापनी सुरू झाली असेल."

"झाली. भात बरा हाय औंदा."

"मग शेत टाकून कुठं येऊ नका. हिकडं सगळं बरं हाय."

"हां."

"ठेवू मग?"

 समोरच्या पडद्यावर उद्याच्या विमानाचा आकडा होता आणि त्याच्याखाली, जागा लवकर संपतील, असे लाल अक्षरांत येत होते. सुनीताने हात कळफलकावरून काढून मांडीवर ठेवला.

"बाबा? ठेवू?"

"ठेवू नको," नाना म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "ठेवू नको गो. दिपे, मला लय भीती वाटते."

नानांनी फोन तोंडाजवळ नेला.

"तुजी आय असती तर ती आली असती. तिनं कोनाला विचारलं पन नसतं. मला यायचंय. महिना झाला, मी तिकीटच बघतोय नुसता. येऊ का मी?"

मग दिपाली रडू लागली. ती रडते आहे हे सुनीताला आधी कळले, नानांना नंतर. "कवापासनं वाट बघते मी," दिपाली म्हणाली. "रोज वाटायचं, आज तरी बाबा येतो म्हनतील. एकदा पन म्हनला नाय तुमी."

"तू नको म्हनत होतीस ना."

"मी नको म्हनते ते खरं असतं का? कोनाची पोर हाय मी?"

नाना हसले की काय झाले ते सांगता येणार नाही. त्यांनी फोन कानाला घट्ट दाबला, जणू काही तो स्पीकरवर नव्हताच. "रडू नको," ते म्हणाले. "प्रेशर चढतं. उद्या येतो. दुपारपर्यंत येतो. तू फक्त झोपून रहा."

फोन बंद झाल्यावर त्यांनी तो बाकावर ठेवला आणि सुनीताला म्हणाले, "काढ."

त्या महिन्यात पाहिलेल्या सर्व भावांपैकी तो भाव सर्वांत मोठा होता. सुनीताने तो वाचून दाखवला. नानांनी तो ऐकला की नाही, याबद्दल मला शंका आहे. त्यांनी कमरेच्या पिशवीतून पैसे काढून तिच्यासमोर ठेवले. सुनीताने नाव टाकले, वय विचारले, आधार कार्डावरून खात्री केली. मग ती थांबली.

"परतीचं पन आत्ताच काढू का नाना? आत्ता स्वस्त पडेल. मागनं महाग होतं."

हा धंद्याचा प्रश्न होता आणि बरोबर होता. नानांनी त्यावर विचार केला.

"परतीचं नको," ते म्हणाले.

"मग येनार कधी?"

"ती जा म्हनेल तवा."

सुनीताने परतीच्या तारखेचा चौकोन रिकामा ठेवला आणि तिकीट काढले.